मदत हवी आहे: हिजाब घालून लांब पल्ल्याचा सराव

नमस्कार मंडळी. मी नागपूरची. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी, म्हणजे पूर्ण 42.195 किमीसाठी, तयारी करतेय. हिजाब घालूनच धावते आणि तसंच धावायचं आहे, त्यामुळे 'काढून धाव' हा सल्ला कृपया नको.

दहा-बारा किमीपर्यंत काहीच अडचण नाही. सुती ओढणी कधीच सोडली. घामाने जड होते आणि पिनाही टोचतात. आता पॉलिस्टरचा, डोक्यावरून सरळ ओढायचा स्पोर्ट्स हिजाब वापरते. पण अंबाझरीहून फुटाळा करून सेमिनरी हिल्सचा चढ लागला की हनुवटीखालची शिवण घासायला लागते. घाम वाळून तिथे मिठाची पांढरी रेघ उमटते आणि घरी आल्यावर पाणी लागलं की आग आग होते. व्हॅसलीन लावून पाहिलं, तासाभरात पुसलं जातं.

दुसरा प्रश्न उन्हाचा. पहाटे पाचला निघाले तरी ऑक्टोबर हीटमध्ये लांब रनचा शेवट उन्हातच होतो. डोक्यावर पाणी ओतलं तर कापड कानांना चिकटतं. मग ओतावं की फक्त मानेवर, मनगटांवर घ्यावं?

नायकीने 2017 मध्ये असा हिजाब आणला, पण मला ब्रँडपेक्षा विदर्भाच्या उन्हात वापरलेल्या बायकांचा अनुभव हवाय. हनुवटीखाली शिवण नसलेला कुठे मिळतो? नागपुरात असा शिवून देणारी कुणी ताई माहीत आहे का? कापड मी आणून देईन.