कटिंग चालू असताना न्हाव्याने बोलावं का? माझं मत: नको

गंगेकाठचा
मी नाशिकमध्ये अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर फोन, मीटिंगा, वरून ओरडा, खालून तक्रारी. महिन्यातून एकदा कटिंगच्या खुर्चीत बसतो, गळ्याभोवती कापड बांधलं जातं, डोक्यावर पाण्याचा फवारा पडतो आणि मी डोळे मिटतो. कैचीचा आवाज आणि मानेवर फिरणारा ब्रश, एवढंच मला हवं असतं. ती वीस मिनिटं कुणी मला काही विचारू नये.

आणि नेमकं तेव्हाच सुरू होतं. कुठे कामाला? पगार किती सुटतो? फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा? मुलाला कुठल्या शाळेत घातलं? गेल्या महिन्यात सिडकोतल्या एका दुकानात मी शक्य तितक्या नरमाईने म्हणालो, "दादा, आज जरा शांतपणे करू." त्यांचा चेहराच उतरला. पुढची कटिंग सात मिनिटांत उरकली. माझ्या डोक्याला मागे दोन भोवरे आहेत, तिथले केस अजून उभे आहेत.

त्या माणसाच्या हातात कला आहे आणि मी तिचे पैसे आनंदाने देतो. पण गप्पा हा त्या कामाचा भाग नाही, असं मला मनापासून वाटतं. तुमचं काय?

मेनरोडकर
साफ चूक. माझं वय ६६. रविवार कारंजाजवळच्या एकाच दुकानात मी लहानपणापासून जातो. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकून त्यावर बसवायचे, तेव्हापासून. आता तिथे तिसरी पिढी उभी आहे.

चार वर्षांपूर्वी बोलता बोलता तो मुलगा थांबला आणि म्हणाला, "काका, मागे चाई पडलीय, रुपयाएवढी. मागच्या वेळी नव्हती." डोक्याची मागची बाजू माणसाला स्वतःला कधी दिसते का? घरी सांगितलं तर कुणी म्हणालं किडा लागला, कुणी म्हणालं कांदा चोळा. तोच म्हणाला, आधी कातडीच्या डॉक्टरांकडे जा. डॉक्टरांनी समजावलं की किड्याचा काही संबंध नाही. शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच केसांच्या मुळांवर उलटते आणि ते कुणाला लागत नाही. पाच-सहा महिन्यांत केस आले.

गप्प बसणारा न्हावी हे सांगेलच असं नाही. तुम्ही त्याला तोंड बंद ठेवायला सांगता तेव्हा त्याचे डोळेही बंद करता.

सातपूर_शिफ्ट
काका, चाई पडलीय हे सांगायला एक वाक्य पुरतं. त्यासाठी माझा पगार कशाला विचारायचा? मी पूर्णपणे धागाकर्त्याच्या बाजूने.

निवडणुकीच्या दिवसांत माझ्या गळ्यावर वस्तरा असताना मागच्या बाकावरचा माणूस आणि कारागीर जोरजोरात वाद घालत होते. कारागीर बोलताना हातवारे करत होता. त्या दिवसापासून मी दाढी घरीच करतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एवढं बोलणारी माणसं नेमकं विचारायचं तेच विचारत नाहीत. कटिंग संपली की न विचारता हनुवटी धरून मान कडकन मोडतात. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात. अशा झटक्याने धमनीचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. असं क्वचित होतं, पण होतं. माझी मान माझी आहे, आधी विचारा. नवं ब्लेड लावलं का, हे मात्र दर वेळी मीच विचारायचं. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तरी तग धरतो, हे किती दुकानांत माहीत आहे?

निफाडची_लेक
तुम्हा पुरुषांना निदान पगारच विचारतात. कॉलेज रोडच्या एका पार्लरमध्ये मी खुर्चीत बसल्या बसल्या ऐकलं ते असं: "किती गळतायत हो! टाळू दिसायला लागलीय. स्पा घेऊन टाका." मी तेव्हा २४ वर्षांची होते. रात्रभर झोप नाही. पुढे कळलं की दिवसाला ५० ते १०० केस गळणं हे सगळ्यांचंच असतं. ते बोलणं गप्पा मारण्यासाठी नव्हतं, विक्रीसाठी होतं.

दुसऱ्या एका ठिकाणी मी कानापर्यंत केस कापा म्हणाले, तर प्रश्न आला, "मिस्टरांना विचारलं का?" मी उठून आले. नंतर गंगापूर रोडला एक ताई सापडल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "वेणी बांधून घेऊ, मग कापू. नक्की ना?" मी हो म्हटलं आणि कैची चालली. त्या दिवशी डोकं हलकं झालं ते फक्त केसांमुळे नाही.

माझं मत: बोलण्याला हरकत नाही, पण माझ्या केसांवर आणि घरावर निकाल देऊ नका.

स्पष्टवक्ता
बरोबर. न्हाव्याने सांगितलं तेवढं कापावं. त्याचं मत कुणी मागितलंय?

मेनरोडकर
स्पष्टवक्ता, हे वाक्य मला लागलं. १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने ठरवलं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. सांगितलं तेवढं कापायचं, हाच तेव्हाचा रिवाज होता. कितीतरी शिकलेली घरं गप्प असताना वस्तरा हातात असलेल्या माणसांनी तो खाली ठेवला. मत होतं म्हणूनच ना?

स्पष्टवक्ता
हे माहीत नव्हतं. वाक्य मागे घेतो. पगार विचारण्याबद्दलचा आक्षेप मात्र तसाच आहे.

आई_इंदिरानगर
माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला आवाज सहन होत नाहीत. मिक्सर लावला तरी तो कान झाकतो. जावळाच्या दिवशी आकांत झाला होता, आणि त्यानंतर तीन वर्षं मी तो झोपेत असताना घरीच केस कापत आले. एकदा कानाची पाळी कापली गेली आणि मी ते बंद केलं.

मग आमच्या जवळच्या एका दुकानात गेले. त्या दादांनी पहिल्या दिवशी कापलंच नाही. मशीन बंदच ठेवून त्याच्या हातात दिली. दुसऱ्या वेळी ती स्वतःच्या हातावर फिरवून दाखवली. तिसऱ्या वेळी कैचीने सुरुवात केली आणि प्रत्येक गोष्ट आधी सांगितली. "आता पाणी उडणार, गार लागेल. आता कंगवा. आता कानामागे आवाज येणार, आपण दहा मोजू." दहा मोजून झाले की ते खरोखर थांबायचे. सातवर असताना कान पूर्ण झाला तरी ते दहापर्यंत मोजायचे, हे मी पाहिलंय.

माझ्या मुलाने पहिल्यांदा न रडता केस कापून घेतले ते त्या बोलण्यामुळे. त्यामुळे 'बोलणं कामाचा भाग नाही' हे मला मान्य नाही. आमच्यासाठी बोलणं हेच अर्धं काम आहे.

देवळाली_कॅम्प
फौजी कटिंगला बोलायला वेळच नसतो. बसलो, उठलो. मला तेच बरं वाटतं.

दिंडोरी_रोड
मी दोन्ही बाजूंचा नाही, फक्त एक प्रसंग सांगतो.

वडील गेले त्याच्या दहाव्याला आम्ही तिघे भाऊ रामकुंडावर बसलो होतो. पहाटेची थंडी, गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी अंगावर घेतलेलं. क्षौर करणारे बाबा माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी एकच विचारलं, "शेंडी ठेवायची?" मी मान हलवली. मग काही नाही. डोकं भिजवताना त्यांनी तळवा माझ्या टाळूवर जरा जास्त वेळ ठेवला, एवढंच. नऊ दिवस मी रडलो नव्हतो, पाहुणे, सामान, फोन बघत होतो. त्या हाताखाली बांध फुटला. त्यांनी वस्तरा बाजूला घेतला आणि थांबले. 'होतं असं', 'आवरा' असलं काहीही म्हणाले नाहीत. मी शांत झाल्यावर परत सुरू केलं.

दिवसाला किती माणसं त्यांच्यासमोर अशी बसत असतील. त्या दिवशी ते एक शब्द जास्त बोलले असते तर मी स्वतःला आवरलं असतं, आणि ते दुःख आतच राहिलं असतं.

कैची_कंगवा
माझं नाशिक रोडला दुकान आहे. ३१ वर्षं खुर्चीमागे उभा आहे. सगळं वाचलं. आमच्या बाजूनेही लिहावं वाटलं.

आधी कामाचं बोलणं. ते मला लागतंच. गिऱ्हाईक म्हणतं "बारीक". एकाचं बारीक म्हणजे १ नंबर, तीन मिलिमीटर. दुसऱ्याचं ३ नंबर, म्हणजे जवळपास दहा. मागची कटिंग कधी केली हे विचारतो, कारण केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात आणि त्यावरून अंदाज येतो. भांग कुठून पाडता, ओल्या केसांवर कंगवा फिरवता का, गाडी चालवता का? २०२१ ला नाशिकमध्ये 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' सुरू झालं तेव्हापासून पुढचे केस दबलेले येतात. त्यांना वरून फार पातळ केलं तर दिवसभर चिकटून बसतात. धागाकर्ते साहेब, तुमच्या भोवऱ्यांचं सांगतो. भोवऱ्यावर केस एकदम बारीक तरी हवेत, नाहीतर स्वतःच्या वजनाने खाली बसतील इतके लांब. मधल्या मापाचे हमखास उभे राहतात. तुमचे घाईत त्या मधल्या मापात कापले गेले असणार.

मान मी मोडत नाही. वस्तरा कानाजवळ किंवा गळ्यावर असताना बोलत नाही, कारण माझ्या बोलण्याला उत्तर द्यायला गिऱ्हाईक जबडा हलवतं. शिकवताना वडिलांनी पहिल्यांदा हेच सांगितलं होतं. ब्लेड समोर फोडतो, न विचारता. सातपूरवाल्यांचा राग योग्य आहे.

आता दुसरं. "गप्प करा काम" हे ऐकल्यावर चेहरा का उतरतो? माझे आजोबा हत्यारांची धोकटी घेऊन गावात घरोघर जायचे. ओट्याच्या खाली बसायचं, वर्षाला बलुतं मिळायचं. त्यांना गप्प बसवणारी माणसं थकलेली नव्हती, मोठी होती. तुम्ही नरमाईने बोललात, दमलेले होतात, ते मला तुमच्या लिहिण्यातून कळतं. पण पाठमोरा माणूस आरशात बघून "शांत" म्हणतो तेव्हा आमच्या कानात जुना आवाज येतो. त्या कारागिराने सात मिनिटांत उरकलं ते चूकच. राग केसांवर काढायचा नसतो.

लॉकडाउनमध्ये तीन महिने दुकान बंद होतं. २८ जून २०२० ला उघडायला परवानगी मिळाली ती फक्त कटिंगची, दाढीला नव्हती. मास्क लावून, मी घाबरलेला आणि गिऱ्हाईकही घाबरलेलं. कुणी बोलत नव्हतं. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात लांब दिवस. तिसऱ्या दिवशी एक आजोबा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काहीतरी बोल रे बाबा, घरात बोलायला कुणी राहिलं नाही."

गंगेकाठचा
ओट्याचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. त्या दिवशी मी आरशात बघूनच बोललो होतो, मागे वळलो नव्हतो.

मत पूर्ण बदललं असं खोटं सांगणार नाही. मला अजूनही ती वीस मिनिटं शांतच हवी आहेत. आईंचं आणि दिंडोरी रोडवाल्यांचं वाचून एवढं पटलं की समोरच्याला काय हवंय ते ओळखणं हेही त्या हातांचंच काम आहे, आणि मी ते सांगायला उशीर केला. कैची_कंगवा दादा, तुम्हाला कसं सांगितलेलं चालेल?

कैची_कंगवा
कापड बांधायच्या आधी सांगा, उभ्या उभ्या, तोंडाकडे बघून. "आज डोकं दुखतंय, जरा डोळे मिटतो," एवढं पुरे. टीव्हीसुद्धा बंद करतो.

रविवारी येऊ नका, रांग असते आणि मागच्या बाकावर गप्पा थांबत नाहीत. मंगळवारी दुपारी दोन ते चार दुकान रिकामं असतं. आणि भोवऱ्यावरच्या केसांना अजून तीन आठवडे कुणाला हात लावू देऊ नका.

गंगेकाठचा
मंगळवारी माझी सेकंड शिफ्ट असते. पुढच्या महिन्यात शिफ्ट बदलली की येतो.