मदत हवी: '२८० फूट टॉल' की '२८० फीट टॉल'? राजाबाई टॉवरपाशी अडलोय

मुसाफिर_फोर्ट: नमस्कार मंडळी. हेरिटेज वॉकसाठी इंग्रजी माहितीपत्रक करतोय. राजाबाई टॉवरला मी 'अ २८०-फूट-टॉल टॉवर' लिहिलं. गटातल्या एका काकांनी 'फूट'चं 'फीट' केलं. म्हणाले, "२८० म्हणजे अनेकवचन, शाळेत वचन शिकला नाहीस का?" मैत्रिणीने तर हायफनच उडवले. तीन मसुदे फिरतायत आणि शनिवारी छपाई आहे. कृपया कारणासकट सांगा, 'असंच असतं' म्हटलेलं काकांना चालत नाही.

शाईपेन: तुमचंच बरोबर. माप नामाच्या आधी विशेषण होऊन आलं की एकवचनी राहतं. क्रियापदानंतर आलं तर मात्र 'द टॉवर इज २८० फीट टॉल', आणि तिथे हायफनही नको.
काकांना मराठीतूनच दाखवा. मजले दहा असले तरी इमारत 'दहामजली'. पाने दोनशे, पण वही 'दोनशेपानी'. 'दहामजले इमारत' काकासुद्धा म्हणणार नाहीत!

उंटावरची_शहाणी: हायफनचं मी सांगते. '२० यीअर-ओल्ड ट्रीज' म्हणजे वर्षावर्षाची वीस रोपं. '२०-यीअर-ओल्ड ट्रीज' म्हणजे वीस वर्षांची झाडं. एवढ्याशा रेघेवर बाग बदलते, म्हणून मैत्रिणीला हात आवरायला सांगा.
अजून एक. उंची मीटरमध्ये दिलीत तर 'ॲन ८५-मीटर-टॉल टॉवर' होईल, कारण 'एटी'चा उच्चार स्वराने सुरू होतो. आकडा बघून 'अ' लावणारे पुष्कळ आहेत.

मुसाफिर_फोर्ट: वा, दहामजली काकांना पटलं. (तोंडाने म्हणाले नाहीत, पण 'फीट' खोडलं.) आता वय कसं लिहू? 'अमुक-यीअर-ओल्ड टॉवर'?

शाईपेन: व्याकरणाने ठीक, पण मी नाही लिहिणार. माहितीपत्रकाचे गठ्ठे पुढची तीन वर्षं वाटले जातात आणि आकडा शिळा होतो. शिवाय कोनशिला १८६९ची, काम पुरं झालं १८७८ला, मग मोजायचं कुठून? सरळ 'कम्प्लीटेड इन १८७८' लिहा. फारच हौस असेल तर 'अ नाइन्टीन्थ-सेंच्युरी टॉवर'. 'बिल्ट इन द नाइन्टीन्थ सेंच्युरी'मध्ये हायफन नको, तिथे ते साधं नाम आहे.

मुसाफिर_फोर्ट: मैत्रीण आता उलट 'ब्यूटिफुली-रिस्टोअर्ड' आणि 'व्हिक्टोरियन-गॉथिक' दोन्हीकडे हायफन घालू म्हणतेय.

उंटावरची_शहाणी: दोन्हीकडे नको. 'ब्यूटिफुली'सारखं 'ली'वालं क्रियाविशेषण पुढच्याच शब्दाला लागतं हे उघड असतं, घोटाळ्याला जागा नाही. आणि 'व्हिक्टोरियन गॉथिक' हे शैलीचं नाव. युनेस्कोच्या २०१८च्या यादीतही 'व्हिक्टोरियन गॉथिक अँड आर्ट डेको एन्सेम्बल्स ऑफ मुंबई' असंच छापलंय, बिनहायफनचं. तुमचा टॉवर त्याच परिसरात आहे, तेव्हा हे नाव माहितीपत्रकात लागणारच. जसंच्या तसं उतरवा.