चेतवणी, इशारा की सूचना?

(बडोद्याच्या तीन वस्त्यांतल्या तिघांचं बोलणं)

दांडियाबाजार : पावसाळ्यात सोसायटीच्या ग्रुपवर गुजराती संदेश आला की आपल्या ज्येष्ठ मंडळींसाठी मी तो मराठीत करून टाकते. 'चेतवणी'ला काय लिहू? एक काका 'चेतावणी' म्हणतात, दुसरे 'सूचना'. आणि 'भयजनक सपाटी'?

रावपुरा : ताई, मराठीत चूल चेतवतात. 'चेतावणी' हिंदीतून आली. आपला शब्द 'इशारा'. उद्या नळाला पाणी उशिरा येणार, ही सूचना. इशारा ऐकून माणसानं जागचं हललं पाहिजे. 'ताकीद' माणसाला देतात, नदीला नाही. 'सपाटी' म्हणजे आपल्याकडे सपाटपणा, तेव्हा 'धोक्याची पातळी' लिहा. पण हिंदीवाल्याला 'धोखा' म्हणजे फसवणूक आणि गुजरातीत 'धोको' म्हणजे कपडे धुवायचं धोपटणं! म्हणून सोबत आकडा द्याच : काळा घोडा पुलापाशी विश्वामित्री नदीची ही पातळी 26 फूट. ऑगस्ट 2024मध्ये पाणी 35च्याही वर गेलं होतं.

मांजलपूर : शब्द कुठलाही धरा, पण रोज बदलू नका. यंत्रांनी हे भांडण कधीच मिटवलंय. 'कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल', म्हणजे इशाऱ्याच्या संदेशांचा एकच साचा, 2004मध्ये ठरला. इशारे पाठवणारी आपली सरकारी यंत्रणा 'सचेत' त्यावरच चालते. संदेश कुठल्याही खात्याचा असो, त्यात तीन रकाने ठरलेले असतात : निकड, तीव्रता, खात्री. खालचा मजकूर हव्या त्या भाषेत द्या, रकान्यांचा अर्थ हलत नाही.

दांडियाबाजार : निकड आणि तीव्रता एकच ना?

मांजलपूर : मुळीच नाही. तळघरात गटाराचं पाणी शिरतंय : निकड मोठी, तीव्रता बेताची. परवा अतिवृष्टीचा अंदाज आहे : तीव्रता मोठी, पण आवराआवरीला अवधी आहे. खरा घोळ खात्रीच्या रकान्यात होतो. तिथे पन्नास टक्क्यांच्या वरचं वेगळं, खालचं वेगळं. आपण दोन्हीकडे 'शक्यता आहे' म्हणून मोकळे होतो. माझं मत, वरच्याला 'बहुधा', खालच्याला 'कदाचित'. घडताना दिसलं असेल तर सरळ वर्तमानकाळ : 'पाणी चढतंय.'

रावपुरा : 'बहुधा' झकास! बडोद्याला हे नवं नाही म्हणा. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश 'सयाजीशासनशब्दकल्पतरु' 1931मध्ये काढवला होता, तो अशाच गोंधळासाठी.

दांडियाबाजार : आणि हवामान खात्याचे यलो, ऑरेंज, रेड?

मांजलपूर : भाषांतर नको, रंग सगळ्यांना कळतात. पुढे काम लिहा. पिवळा : लक्ष ठेवा. नारिंगी : तयारीत राहा. लाल : आता हला. लाल म्हणजे शाळेला सुट्टी, एवढाच अर्थ पोरांनी घेतलाय.

दांडियाबाजार : मग असं टाकते : 'इशारा, नारिंगी. आज रात्री बहुधा अतिवृष्टी. तळमजल्यावरच्यांनी गाड्या उंचावर लावा. मदतीला 112.'

मांजलपूर : छान. फक्त वर तारीख-वेळ घाला, नाहीतर फॉरवर्ड होत होत पुढच्या आठवड्यातही फिरेल. आणि सरावाचा संदेश असेल तर 'सराव' हा शब्द सगळ्यात आधी, शेवटी कंसात नको. शेवटपर्यंत कोण वाचतो?

रावपुरा : 'इशारा मागे' हेही ठरवून ठेवा. 'आता काळजी नाही' असलं मोघम नको.