मदत हवी आहे: फायटरच्या टाकीत द्राक्षबागेची माती घातली, गोगलगायी मेल्या. आता मासा सोडू का?

अंगणवेल:
नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला, इंदिरानगरात. मुलाला वाढदिवसाला कुणीतरी निळा फायटर दिला, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल अशा काचेच्या बाऊलसकट. दुकानदाराने सांगितलेलं, "ह्याला काही लागत नाही, हवासुद्धा नको." (त्याचं खरं नाव बेट्टा आहे हे मुलाने शोधून काढलं. सासूबाई त्याला सरळ 'बेटा' म्हणतात आणि जेवलास का विचारतात.)

थंडी पडल्यापासून बेटा सकाळी तळाशी आडवा पडून असतो. दाणे टाकले तरी वर येत नाही. म्हणून १२ × १२ × १२ इंचांची टाकी आणली. झाडं लावायची तर खाली माती हवी असं वाचलं होतं. भाऊजींची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, त्यांनी गोणीभर काळी माती आणून दिली. ती दीड इंच, वर एक इंच वाळू, त्यात हायड्रिला आणि दोन-तीन झाडं. पाणी आमच्या बोअरचं. हायड्रिलाबरोबर आठ-दहा बारक्या गोगलगायी आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या काचेवरून गळून वाळूवर पडल्या, आत आक्रसलेल्या. तिसऱ्या दिवशी वास. पाणी मात्र स्वच्छ दिसतंय.
मासा अजून बाऊलमध्येच आहे. मुलगा रोज विचारतो, आज सोडायचा का?

गोदाकाठ:
ताई, अजिबात सोडू नका. आधी भाऊजींना दोन गोष्टी विचारा: बागेत मोरचूद-चुना मारतात का, आणि शेणखत कधी घातलं? मग मूठभर कोरड्या मातीवर चमचाभर व्हिनेगर टाकून बघा, फसफसतं का. अमोनियाची टेस्ट किट मिळाली तर तीही करा.

जुनापंप:
एवढं काय त्यात! मी वीस वर्षं फायटर बरणीत ठेवतोय. आपल्याकडे सगळे असेच ठेवतात. तो वर येऊन हवा घेतो, त्याला पंप लागत नाही.

गोदाकाठ:
पंप लागत नाही हे बरोबर. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक वेगळा अवयव असतो, त्याने तो पृष्ठभागावरची हवा घेतो. म्हणून तर झाकण आणि पाणी यांत दोन इंच मोकळे ठेवायचे. पण हवा घेता आली म्हणजे स्वतःच्याच कल्ल्यांतून बाहेर पडलेला अमोनिया सोसतो असं नाही. शिवाय हा थायलंडकडचा मासा, त्याला २४ ते २८ अंश पाणी लागतं. निफाडला पारा ५-६ वर जातो तेव्हा तुमच्या खिडकीतल्या बरणीत किती असेल, मोजून बघा. वीस वर्षांत बरण्या किती आणि मासे किती झाले, तेही सांगा काका. 🙂

अंगणवेल:
भाऊजींशी बोलले. ऑक्टोबर छाटणीनंतर बोर्डो मारतातच, "दरवर्षी, आबांच्या वेळेपासून". शेणखतही ह्याच हंगामात भरलंय. व्हिनेगर टाकलं तर इनो टाकल्यासारखं फसफसलं. मुलगा खूश, मी गार. टेस्ट किट आणली: अमोनिया ४, पीएच ८.२. हे सगळं मातीमुळे?

गोदाकाठ:
बहुतेक हो. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदातलं तांबं कुजत नाही, वर्षानुवर्षं वरच्या थरात साठत जातं, आणि गोगलगायींना तांबं अगदी थोडंही सोसत नाही. शेणखतातून अमोनिया येतोय. फसफसणं म्हणजे चुनखडी. काळ्या मातीत तिचे पांढरे खडे असतातच, वर फवारणीतला चुना. त्याने पीएच चढतो, आणि पीएच जितका जास्त तितका तोच अमोनिया जास्त विषारी. तुमच्या बोअरच्या पाण्याचाही त्यात वाटा असेल, तेही वेगळं मोजा. तांब्याची किट वेगळी मिळते, पण गोगलगायींनी निकाल दिलाय, तिच्यावर पैसे घालवू नका.
सगळी माती काढा, टाकी धुवा. कुंडीतल्या मोगऱ्याला ही माती छान.
तोवर बेट्याला बाऊलमधून काढून १५ लिटरच्या पांढऱ्या टबमध्ये ठेवा. वर जाळी बांधा, उडी मारतात. हीटर प्लास्टिकला टेकू देऊ नका. एक दिवसाआड एकतृतीयांश पाणी बदला, पण नवं पाणी तेवढंच कोमट करून.

पाणकणीस:
अंगणवेल ताई, पहिल्या टाकीला मातीचा नाद नको. शोभेच्या टाक्यांची जाड वाळू दोन इंच घ्या, व्हिनेगरची चाचणी तिलाही करा. अनुबियास आणि जावा फर्न लाकडाला दोऱ्याने बांधा. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरू नका, कुजतं. हे नव्वद टक्के लोकांचं चुकतं. क्रिप्टोकोरीन वाळूत, मुळाशी खताची गोळी. लावल्यावर त्याची पानं विरघळतील, घाबरून उपटू नका, मुळापासून नवी येतात. वरती थोडं साल्विनिया तरंगू द्या. दिवा सहा-सात तास.
हीटर २५ वॅटचा देतील, ५० चा घ्या. नाशिकच्या जानेवारीत पहाटे घरातच १४-१५ असतं. टाकीत २८ लिटरच्या आत पाणी बसतं, पण बारा अंश चढवायचे तर २५ वॅटचा रात्रभर चालू राहूनही पुरा पडत नाही.
पाणी नळाचं घ्या, गंगापूर धरणाचं. त्यात क्लोरीन असतं, त्यामुळे क्लोरीन मारणारं औषध टाकूनच वापरा.
माझ्याकडे दोन वर्षं चालू असलेला स्पंज फिल्टर आहे, अर्धा कापून देते. कॉलेज रोडला या, येताना डबा आणा. स्पंज टाकीच्याच पाण्यात भिजलेला राहिला पाहिजे, नळाखाली धुतलात तर त्यातले जंतू मेले. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करतात ते हेच. एरवी हे जमायला महिना-दीड महिना जातो.
आणि उरलेली हायड्रिला उन्हात वाळवून टाका, नाल्यात नको. गोदेला पाणवेली पुरे आहेत.

जुनापंप:
बरं, पटलं. ती बदामाची पानं घालतात म्हणे, ती कुठली? काजू-बदामातला बदाम?

पाणकणीस:
नाही हो काका, रस्त्याकडेचा देशी बदाम, छत्रीसारख्या फांद्यांचा. गळलेलं तपकिरी पान घ्यायचं, हिरवं तोडून नाही. धुऊन टाका, पाणी चहासारखं होतं. फायटरला आवडतं. आजार बरे होतात वगैरे दुकानवाले सांगतात, त्यावर विसंबू नका.

अंगणवेल:
अठरा दिवसांनी लिहितेय. ताईंचा स्पंज डब्यातून रिक्षाने घरी आणला, मुलाने मांडीवर धरून. वाळू नवी, पाणी नळाचं, ५० वॅटचा हीटर, २६ अंश. पीएच ७.४. तीन दिवस अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, मग काल मासा सोडला. पिशवी तासभर तरंगत ठेवून, थोडं थोडं टाकीचं पाणी आत घालत. आधी लाकडामागे लपला. आज सकाळी अनुबियासच्या रुंद पानावर पोट टेकून बसला होता, वर पाण्याच्या कोपऱ्यात साबणाच्या फेसासारखे बुडबुडे. काही बिघडलं का?
आणि संक्रांतीला पाच दिवस गावी जायचंय. शेजारच्या काकूंना दाण्याचा डबा देऊन जाऊ?

गोदाकाठ:
बुडबुडे म्हणजे घरटं. नर बांधतात, मादी नसली तरी. राहू द्या.
डबा देऊ नका! काकू मायेने रोज चमचाभर टाकतील. त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं, एरवीसुद्धा दिवसाला चार-पाच दाणे पुरतात. पाच दिवस उपाशी राहिला तरी काही होत नाही. जायच्या आदल्या दिवशी पाणी बदला, दिवा टायमरवर टाका, आणि काकूंना एवढंच सांगा की लाइट गेली तर टाकीवर गोधडी टाका.