चातुर्मासात कांदा-लसूण सोडून मन ताब्यात येतं का?

गोदाकाठ, पंचवटी :

कांदेनवमीला घरात भजी आणि झुणका झाला, आणि आषाढी एकादशीपासून नेहमीप्रमाणे माझं कांदा-लसूण बंद. आता कार्तिकीपर्यंत. हे २२वं वर्ष. परवा पानावर बसलो असताना पुतण्यानं विचारलं, "काका, कांदा सोडून देव भेटला का?" चेष्टेनं नाही, मनापासून विचारलं. मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

संयमाशिवाय परमार्थ नाही आणि संयमाची सुरुवात शरीरापासूनच होते, असं मी मानतो. कठोपनिषदात शरीर हा रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम आणि बुद्धी सारथी. लगाम धरायचा सराव कुठेतरी करावाच लागतो. आपल्या टाकळीला समर्थ रामदासांनी नदीच्या पाण्यात उभं राहून बारा वर्षं जप केला, असं परंपरा सांगते. तो काही हौसेनं नव्हता केला.

माझी एक संध्याकाळ सांगतो. पहिल्याच वर्षीची. पंचवटी कारंजावर पाऊस लागला होता आणि हातगाडीवर कांदाभजीचा घाणा निघत होता. तोंडाला पाणी सुटलं, पाय थांबले. छत्री धरून उभा राहिलो आणि आत काय चाललंय ते बघत राहिलो. इच्छा उसळली, घशापर्यंत आली, आणि भजीवाल्याच्या झाऱ्यातलं तेल निथळेपर्यंत ओसरलीसुद्धा. मी तिला हाकललं नव्हतं. ती आपली आपण गेली. पुढे काही वर्षांनी वडिलोपार्जित जमिनीवरून धाकट्या भावाशी बोलणं असं चढलं, की मी जे बोलणार होतो त्यानं नातं कायमचं तुटलं असतं. तेव्हा मला ती हातगाडी आठवली. राग घशापर्यंत आलाय, हेही ओसरेल, एवढंच कळलं. मी गप्प बसलो. आज भाऊ घरी येतो-जातो. पुतण्याला हे सांगायला हवं होतं.

नामधारक, त्र्यंबकेश्वर :

काका, अनुभव खरा आहे, पण तुम्ही त्याचं श्रेय कांद्याला देताय. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ५९वा श्लोक बघा. आहार सोडणाऱ्याचे विषय दूर होतात, गोडी मात्र मागे राहते. ती जाते परतत्त्व दिसल्यावर. माउलींनी त्यावर दृष्टान्त दिलाय, की वरवर पालवी खुडायची आणि मुळाला पाणी घालत राहायचं, तर झाड मरेल कसं? इतर इंद्रियांचे विषय तोडता येतात, पण जिभेचा रस हट्टानं आवरता येत नाही, कारण खाल्ल्याशिवाय जगणंच नाही, असंही ते तिथे म्हणतात. म्हणजे तुम्ही जिथून सुरुवात करायला सांगताय, तीच जागा सगळ्यात अवघड.

आणि त्यागाचं म्हणाल, तर विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीला गेले होते. गुरूंनीच त्यांना संसारात परत पाठवलं. त्या संसारातून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई जन्माला आली. 'संन्याशाची पोरं' म्हणून लोकांनी त्यांना छळलं. त्यातले थोरले निवृत्तिनाथ इथे, आमच्या गावात समाधिस्थ आहेत. पौष वद्य एकादशीला दिंड्या येतात तेव्हा मी दरवर्षी हाच विचार करतो, की ते विठ्ठलपंत काशीतच राहिले असते तर? आमचा मार्ग नामाचा. नाम घेता घेता जे सुटायचं ते सुटतं.

गोदाकाठ, पंचवटी :

५९वर थांबू नका. ६०व्यात म्हटलंय की धडपडणाऱ्या जाणत्या माणसाचंही मन इंद्रियं बळजबरीनं ओढून नेतात. आणि ६१व्यात लगेच, त्या सगळ्यांना आवरून, मत्पर होऊन, म्हणजे माझ्या ठायी चित्त लावून बस. 'मत्पर' हा शब्द तुमच्या बाजूचा, मान्य. पण 'आवरून' त्याच्या आधी आलाय. आणि वारकरी माळ घालताना काय सांगतात? मांस-मद्य सोड, एकादशी कर. नामाच्या मार्गातही दारात संयमच उभा आहे.

इंदिरानगरची सून :

तुम्हा दोघांचं वाचलं. संयम करणाऱ्यासाठी स्वयंपाक कोण करतं, हे दोघांनीही लिहिलेलं नाही.

एकादशीच्या आदल्या रात्री साबुदाणा मी भिजवते. सकाळी वरई, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, सासऱ्यांसाठी वेगळी भांडी, मुलांचे पोळी-भाजीचे डबे, आणि मग माझी नोकरी. उपास त्यांचा, दमणूक माझी. शिवाय साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, मिरची, शेंगदाणा, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज आले नसते तर आपलं हे उपासाचं ताट असं नसतं. मग यातलं नेमकं काय ऋषिमुनींपासून चालत आलंय?

माझ्या आईला मधुमेह आहे. गेल्या निर्जला एकादशीला तिनं पाणीही घेतलं नाही आणि गोळीही. पहाटे न्हाणीघरात पडली. मी पोचले तेव्हा ती फरशीवर बसली होती, अंग घामानं थंडगार, आणि मला म्हणाली, "पाणी नको गं, अजून पारणं व्हायचंय." तिचे ओठ फाटले होते. गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीरातल्या पंचमहाभूतांना आणि आत बसलेल्या मलाही कृश करणारे असं म्हणून भगवंतांनी असल्या तपाला आसुरी म्हटलंय. हे तिला कोणत्या कीर्तनात ऐकायला मिळालं?

लहानपणी तपोवनात नेऊन लक्ष्मणाच्या चौदा वर्षांच्या व्रताची गोष्ट सांगायचे. उर्मिलेची चौदा वर्षं कुणी मोजली?

द्राक्षबाग, दिंडोरी तालुका :

नामधारक महाराजांनी पालवी खुडायचा दृष्टान्त दिला म्हणून लिहितो, मी शेतकरी माणूस. एप्रिलात आम्ही खरड छाटणी करतो. बाग अगदी बोडकी दिसते. नवी फूट आली की काडीत घडनिर्मिती व्हायच्या दिवसांत पाणी आणि नत्र हात आखडूनच द्यावं लागतं. दया करून पाणी वाढवलं तर नुसता शेंडा पळतो, बाग हिरवीगार दिसते आणि ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटतात ते घडाविना. म्हणजे ताण पाहिजेच.

पण ताण कुणाला, किती दिवस, हे वेलीकडे बघून ठरतं. हलक्या मुरमाड जमिनीत काळ्या जमिनीइतका ताण दिला की काडीच वाळते. शेजाऱ्यानं दिला म्हणून मी दिला, असं चालत नाही. ताईंच्या आईंना तो ताण सोसणाराच नव्हता. आणि काकांना बहुतेक मानवला.

अभ्यासिका, सिडको :

मी २४ वर्षांचा, स्पर्धा परीक्षा देतोय. ब्रह्मचर्याचे व्हिडिओ बघून दिवस मोजायला लागलो. भिंतीवर पेन्सिलीनं रेघा मारायचो. ४०व्या दिवशी चुकलं की सगळ्या रेघा पुसायचो आणि आठवडाभर स्वतःचं तोंड आरशात बघवत नव्हतं. पुस्तक उघडलं तरी डोक्यात तेच. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, कर्मेंद्रियं आवरून मनानं विषयच आठवत बसणाऱ्याला मिथ्याचारी, म्हणजे ढोंगी म्हटलंय. तो मीच होतो. मी रेघा मारणं बंद केलं, सकाळी गोदापार्कला पळायला जातो, आता अभ्यास होतोय. सोडल्यानं काही मिळतं यावर माझा सध्या विश्वास नाही.

गोदाकाठ, पंचवटी :

बाळा, तू चुकला नाहीस. पतंजलींच्या पाच यमांत ब्रह्मचर्य चौथं आहे, त्याच्या आधी अहिंसा येते, आणि त्या अहिंसेत तू स्वतःही आलास. आरशात स्वतःला बघवत नाही, असं व्रत कुणी सांगितलेलं नाही.

ताई, तुमचं वाचून उठलो आणि घरी विचारलं. २२ वर्षं चातुर्मासात दोन फोडण्या होतात, एक माझी, एक बाकीच्यांची. मी हे एकदाही लक्षात घेतलं नव्हतं. आजपासून माझी फोडणी मी घालणार. पण कांदा सोडणं सोडणार नाही, कारण त्यानं मला भाऊ परत दिला.

तुमच्या आईंसाठी एक श्लोक देतो, धर्मशास्त्रातला जुना. "अष्टौ तान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः । हविर्ब्राह्मणकाम्या च गुरोर्वचनमौषधम् ॥" आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही. त्यात पहिलं नाव पाण्याचं आणि शेवटचं औषधाचं.

इंदिरानगरची सून :

काका, फोडणीचं बरं केलंत. तुमच्याशी मी अजूनही सहमत नाही, तुम्ही ज्याला मार्ग म्हणता त्यात आईसारख्या बायकाच पडतात. पण हा श्लोक मी लिहून घेतला. संस्कृतातलं म्हटलं की आई मान देते. रविवारी माहेरी जातेय, मोठ्या अक्षरात लिहून देवघरात लावते, गोळ्यांच्या डबीच्या वरच.