दुपारच्या सभेतली ती बाई कोण?

महालची_माहेरवाशीण:
मंडळी, एका आवाजाचं नाव हवंय.

१९७८ ते ८४ च्या सुमारास नागपूर आकाशवाणीच्या दुपारच्या सभेत, म्हणजे दुपारच्या प्रसारणात, एक बाई निवेदन करायच्या. ‘आकाशवाणीचं हे नागपूर केंद्र आहे’ एवढंच म्हणायच्या, पण ‘नागपूर’च्या आधी किंचित थांबायच्या, उंबरठ्यावर पदर सावरून मग आत यावं तसं. आवाज जाडसर. घाई बिलकूल नाही.

आम्ही महालात, एका वाड्यातल्या दोन खोल्यांत. बाबा एम्प्रेस मिलमध्ये. दुसरी पाळी असली की जेवून निघायचे आणि ते गेले की मर्फीचा काटा आईच्या ताब्यात. मे महिन्यात पंचाईत व्हायची. कूलर लावला की रेडिओ ऐकू यायचा नाही, रेडिओ लावला की कूलर बंद ठेवावा लागायचा. आई कायम रेडिओच्या बाजूची. आम्ही भावंडं घामाघूम, आणि ही फरशीवर पाणी शिंपडून त्यावर आडवी होऊन वनिता मंडळ ऐकतेय.

आई त्या बाईंशी बोलायची. थंडीत त्यांचा आवाज बसला की ‘बिचारीले सर्दी झाली दिसते, गवती चहा घ्याले पायजे तिनं.’ एकदा त्या चार-पाच महिने ऐकूच आल्या नाहीत. आईनं निकाल देऊन टाकला, बाळंतपणाला गेली. परत आल्या तेव्हा म्हणे आवाज उतरलाय, लेकरू रात्रीचं झोपू देत नसणार. शेजारच्या काकूंनी तर झबल्यासाठी मऊ कापडही काढून ठेवलं होतं. (मुलगा की मुलगी, यावर दोघींचं शेवटपर्यंत जमलं नाही.)

आई आता ८४ वर्षांची आहे. परवा कानात यंत्र घालता घालता विचारते, ‘ते दुपारची बाई कुठी असन वं आता?’ मला साधं नावही सांगता येईना. कुणाला ठाऊक आहे?

सिव्हिल_लाइन्सचे_काका:
ताई, नाव तुम्ही विसरला नाहीत. ते कानावर पडलंच नसणार. बातम्या देणारे नाव सांगत, म्हणून पुणे केंद्राच्या सुधा नरवणे आपल्याला पाठ. सकाळी ६.५५ ला दिल्लीहून यायचं ते ‘प्रवाचकः बलदेवानन्दसागरः’ही पाठ. माझं संस्कृत तिथंच सुरू होतं आणि तिथंच संपतं. पण गाण्यांच्या मधे बोलणारा बहुतेक वेळा केंद्राच्याच नावानं बोलायचा, स्वतःच्या नाही.

आणखी एक. आपलं केंद्र १६ जुलै १९४८ चं. तेव्हा नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं, त्यामुळे इथं मराठी आणि हिंदी पहिल्यापासून शेजारी शेजारी नांदल्या. तुमच्या बाई हिंदीतही बोलत असतील तर आईंनी त्यांना दुसरीच कुणी समजून सोडून दिलं असेल. दुपारी नेमकं काय लागायचं ते आठवतं का? त्यावरून काही धागा लागेल.

वर्धा_रोडवाला:
नाव काही मले माहीत नाही, पण रेडिओचं निघालं म्हणून सांगतो. आमचं गाव बुटीबोरीजवळ. १९८८ मधी नॅशनल चॅनल सुरू झालं, त्याचा १००० किलोवॉटचा ट्रान्समीटर आमच्या उशाशी. निवेदक बोलून राहिला दिल्लीत, आवाज देशभर जाऊन राहिला बुटीबोरीहून. अन् आमचा ट्रान्झिस्टर होता स्वस्तातला. काटा कुठीही फिरवा, रातच्याले तेच लागे! माही आजी म्हणे, बाप्पा, या डब्यात एकच माणूस राह्यते का?

सदरकर:
विषयांतर होतंय, पण राहवत नाही. ३१ ऑक्टोबर १९८७, व्हीसीएच्या (विदर्भ क्रिकेट संघटनेच्या) मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकाचा सामना. तिकीट मिळालं नाही, म्हणून मी गच्चीवर ट्रान्झिस्टर घेऊन बसलो. चेतन शर्मानं रदरफर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड ओळीनं त्रिफळाचीत केले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. चॅटफिल्डची दांडी आधी माझ्या मांडीवरच्या ट्रान्झिस्टरमध्ये उडाली आणि मैदानावरची गर्जना त्यानंतर दोन-तीन सेकंदांनी झाडांवरून आली. मैदान जेमतेम एक किलोमीटरवर, तरी बातमी रेडिओनं आधी दिली. पुढे गावसकरचं वनडेतलं एकुलतं एक शतकही मी तसंच ऐकलं, एकदा कानानं आणि एकदा वाऱ्यानं.

युववाणी_८२:
मी कॉलेजात असताना आकाशवाणीच्या तरुणांसाठीच्या ‘युववाणी’ कार्यक्रमासाठी दोनदा स्टुडिओत गेले होते. जाड दार, दारावर लाल दिवा, आणि आत अशी शांतता की स्वतःचा घोट गिळलेला ऐकू यावा. बाहेरच्या बाकावर एक बाई डबा खात होत्या. बुटक्या, चष्मेवाल्या, मांडीवर छत्री. त्यांनी मला लोणच्याची फोड दिली आणि ‘कागद हलवू नको, माईकला सगळं ऐकू येतं’ असं बजावलं. आवाज जाडसर होता खरा. नाव विचारायचं सुचलंच नाही, माझे पाय लटपटत होते.

पण ताई, तिथं कायमच्या लोकांखेरीज कॅज्युअल निवेदकही असत, महिन्यातून ठरावीक दिवस येणारे. तेव्हा तुमच्या आई ज्यांना एक समजत होत्या त्या दोघीही असू शकतात. ते बाळंतपण कदाचित नुसतं ड्यूटीचं वेळापत्रक असेल.

महालची_माहेरवाशीण:
सगळ्यांचे आभार. लोणच्याची फोड आईला सांगितली. ‘तेच असन’ म्हणाली, का ते विचारू नका.

दोघी असतील हे मात्र जपूनच सांगितलं, तिचं मन मोडेल म्हणून. तर म्हणे, ‘दोघी होत्या हे तुले आता समजलं का? दुसरी घाईघाईनं बोले, तिले मी ऐकतच नव्हती. पोहे निवडाले बसे.’ बाळंतपण मात्र ती सोडायला तयार नाही.

दादाच्या जुन्या कॅसेटी काढल्या. आम्ही गाणी टेप करायचो, आणि निवेदन सुरू झालं रे झालं की बटण दाबायचो, टेप वाया जाऊ नये म्हणून. सहा कॅसेटींत गाणीच गाणी. शेवटी एका बाजूच्या टोकाला, दादाचा हात उशिरा पडला असावा, ‘आकाशवाणीचं हे ना’ आणि खट्ट.

आईच्या कानाशी धरून तेवढंच आठ वेळा लावलं. डोळे मिटून ऐकलं तिनं.

‘हे नाही,’ म्हणाली. ‘हे घाईवाली.’