०२३१ मधल्या २३१ मध्ये काही खास आहे का?

पेठेतला_बाबा
लेक पाचवीला, स्कॉलरशिपला बसलीय. बाईंनी सांगितलंय की प्रत्येकानं एक संख्या घ्या आणि तिच्याबद्दल सापडेल तेवढं वहीत लिहून आणा. मैत्रिणींनी १००, ३६ असल्या सोप्या सोप्या उचलल्या आणि आमच्या बाईसाहेबांनी आजोबांच्या लँडलाइनचा कोल्हापूरचा कोड घेतला, पुढचं शून्य सोडून २३१. मी आधी ठोकून दिलं की मूळ संख्या असणार, तर तिनं तिथंच ३ नं भागून दाखवली, लाजच काढली. आता दीड ओळीवर गाडी अडकलीय.

रंकाळ्याचा_वारा
३ × ७ × ११ होतंय बघा. तीन वेगवेगळ्या मूळ संख्या, प्रत्येक एकदाच, असल्या संख्येला स्फेनिक म्हणतात. विभाजक बरोबर ८. आणि हर्षद पण आहे, देवळालीच्या कापरेकर सरांनी दिलेलं नाव, ते लिहाच.

गणितवाल्या_मावशी
हर्षद नाही ओ. त्याला अंकांच्या बेरजेनं भाग जायला लागतो, इथं बेरीज ६ आणि संख्या विषम, कसा जाईल? कापरेकर आणायचेच तर त्यांची स्वयंभू संख्या आणा. कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या मिळते, आणि जी अशी कशातूनच मिळत नाही ती स्वयंभू. २२२ आणि २३३ स्वयंभू आहेत, २३१ नाही, कारण २१९ मध्ये १२ मिळवले की ती येते.
पण खरी गंमत त्रिकोणी संख्येत आहे, म्हणजे १ पासून ओळीनं संख्या मिळवत गेलं की येते ती, स्कॉलरशिपला तर हमखास असतंय. २१ × २२ ÷ २ = २३१. त्यातली २१ पण त्रिकोणी, ६ × ७ ÷ २. आणि ६ पण, ३ × ४ ÷ २. आणि ३ पण! म्हणजे २ पासून सुरू करून तेच सूत्र लावत गेलं की २, ३, ६, २१, २३१. ही साखळी वहीत रंगीत पेननं काढू दे.

हाफटाइम_मिसळ
२१ × २२ ÷ २ म्हणजे फुटबॉलच की भावा! शाहू स्टेडियमवर दोन टीमची मिळून २२ पोरं, सगळ्यांनी सगळ्यांशी एकेकदा हात मिळवला तर २३१ वेळा होतंय. (पेठांच्या मॅचला हात वेगळ्या कामाला लागतात ते सोडा.)

रंकाळ्याचा_वारा
हर्षदचं चुकलं, मान्य. त्याबदल्यात हे घ्या, लाडूंचा मनोरा. मधल्या थरात ७ × ७ म्हणजे ४९ लाडू, वर ३६, २५, १६, ९, ४, १ असे चढत जायचे आणि खाली पण तसंच उलटं. वर ९१, खाली ९१, मधले ४९, झाले २३१. ही अष्टफलकी संख्या. खालची बाजू हवेत कशी राहणार ते विचारू नका, चित्र काढा. आणि १६ ची नैसर्गिक संख्यांच्या बेरजेत फोड, क्रम न मोजता, २३१ प्रकारे होते, पण हे पाचवीला नको.

पेठेतला_बाबा
लई भारी! वही भरली. पोरगीनं स्वतः २३१ सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज केली, १५३ आली, २३१ पेक्षा कमी, म्हणजे न्यून संख्या. मग १५३ चंही तसंच, ८१. मग ४०. मग ५०, इथं उलटी वाढली म्हणून तिनं तीनदा तपासलं. मग ४३, मग १. आता आजीचा मोबाईल नंबर घेऊन बसलीय, दहा अंकी, जेवायला उठंना झालीय.